उलटी फिरणारी चाकं

कंधार तालुक्यात गुरांचा डॉक्टर म्हणून रुजू झालो, त्याच पावसाळ्यात एका वस्तीवरची विताना अडलेली म्हैस माझ्यामुळे मेली. म्हणजे, मी वेळेत पोचलो नाही म्हणून. काळ्या रानातली वाट. मोटारसायकलच्या मडगार्डात इतका चिखल भरला की चाकच फिरेना. शेवटी चालत गेलो, तोवर सगळं संपलं होतं.

तेव्हाच ठरवलं, चारही चाकं ओढतील अशी गाडी करायची. एक जुना पिकअप घेतला आणि अहमदपूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे लावला. "दिवाळीपर्यंत देतो," तो म्हणाला. कोणत्या दिवाळीपर्यंत, हे विचारायला हवं होतं.

पुढचा अ‍ॅक्सल मिळायलाच वर्ष गेलं. तो बसवला तर स्प्रिंगचे पाटे कमी पडले. पाटे वाढवले तर स्टिअरिंगचा रॉड पोचेना. दर रविवारी मी एसटीनं जायचो आणि ठोकळ्यांवर उभा असलेला तो सांगाडा बघून परत यायचो.

"साहेब, तुम्ही लई घाई करून राहिले," मिस्त्री म्हणायचा. "गाडी हाय ही, भजी न्हाईत."

माझी बायको नर्स आहे. ती एकदा म्हणाली, "अहो, माणसाचं लेकरूसुद्धा नऊ महिन्यांत होतं." मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

चौथ्या वर्षी गाडी खाली उतरली. मिस्त्रीला शेजारी बसवून ती नांगरलेल्या ओल्या रानात घातली आणि पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढला. गाडी थरथरली, घरघरली आणि जागच्या जागी रुतत गेली. ट्रॅक्टर लावून काढावी लागली. गॅरेजासमोर जॅकवर चढवली, तेव्हा कळलं: मागची चाकं पुढे फिरत होती आणि पुढची मागे. अ‍ॅक्सल एका गाडीचा, चाकांना जोर वाटून देणारा डबा दुसऱ्या गाडीचा. दोघांची दिशाच उलटी.

मिस्त्रीनं वाकून चारही चाकं बघितली. मग म्हणाला, "फिरून तर राहिलेत."

मी ओरडलो. बापाच्या वयाच्या माणसावर, भर रस्त्यात, लोक थांबून बघेपर्यंत ओरडलो. त्यानं पाना खाली ठेवला. "चुकलं माझं," एवढंच म्हणाला आणि आत गेला. माझा राग काही गेला नाही. फक्त आता तो काढायचा कोणावर, ते कळेना.

पुन्हा सगळं उघडून दिशा जुळवण्यात आणखी एक वर्ष गेलं.

गेल्या पावसाळ्यात उमरीकडच्या एका वस्तीवरून फोन आला. गाय अडली होती. गाडी चिखलातून बैलासारखी, सावकाश, न थांबता गेली. वासरू जिवंत निघालं. हात धुऊन चहा घेताना पाहिलं, तर गाडीखाली तेलाचं थारोळं. तिथूनच मिस्त्रीला फोन लावला.

"पण पोचलाव ना?" त्यानं विचारलं.

"पोचलो."

"मंग सोमवारी घिऊन या."

सोमवारी नेली. अजून तिथंच आहे.