हळदीच्या खोलीतला आवाज

वडवणीत आमच्या गल्लीच्या तोंडाला एक फोटो स्टुडिओ आहे. मालकाला सगळं गाव चाचा म्हणतं, मीही म्हणते. लग्नाची शूटिंग त्यांच्याकडे भरपूर, पण एक अडचण कायमची. हळदीच्या खोलीत बायका कॅमेरावाल्याला उभं करत नाहीत. मी तेव्हा चाळिशीला टेकलेली, मुलं शाळेत गेली की दुपारभर मोकळी. चाचा म्हणाले, "बेटा, तू शिक. बायकांच्या खोलीत आमाला कोन येऊ देतंय?"

घरी सांगितलं तर नवरा खो खो हसला. "आता ही पिक्चर काढणार!" ते हसणं मला लागलं. तसा माझा स्वभाव आधीच तिखट. हिला जमतंय असं चार लोकांनी म्हणावं, एवढंच डोक्यात घेऊन मी स्टुडिओत जायला लागले.

पहिला आठवडा नुसता कॅमेरा न हलवता धरण्यात गेला. मग चाचांनी हेडफोन दिला आणि बसस्टँडवर नेऊन उभं केलं. "डोळे मिट. काय काय ऐकू येतंय ते सांग." मी हॉर्न सांगितला, रसवंतीचे घुंगरू सांगितले, मागे कुणीतरी सुपारी कातरत होतं तेही सांगितलं. चाचा खूश झाले. "तस्वीर हलली तर लोक माफ करतात," ते म्हणाले, "आवाज गेला तर न्हाई. म्हनून आवाज एकदा चालू केला की कार्यक्रम संपेपर्यंत बंद करायचा न्हाई." हे मी इतकं पक्कं धरलं की घरी भाजी फोडणीला टाकतानाही कान टवकारून उभी असायचे.

मी शूटिंग केलेलं ते तिसरंच लग्न असेल. जवळच्याच खेड्यातलं. नवरीची आई विधवा, नवरा जाऊन सात वर्षं झालेली. शेत बघून, शिलाई मशीन चालवून तिनं पोरीला शिकवलं, स्थळही स्वतःच पाहिलं. आणि हळदीच्या दिवशी ती चुलीपाशी पोळ्यांवर देखरेख करत बसलेली. हळद लावायला पाच सवाष्णी. आईनं लांबूनच बघायचं, अशी रीत. कुणी तिला नको म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती.

सवाष्णी उठून जेवायला गेल्या. खोलीत नवरी आणि मी. तेवढ्यात आई आत आली आणि तिनं कडी लावली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तेवढा कॅमेरा बंद कर. लेकीला बोटभर हळद लावते. लोकाला कळायला नको."

मी कॅमेरा बंद केला, अगदी तिच्या देखत. कपाटावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. पण नवरीच्या ब्लाऊजला मी सकाळीच छोटा माईक लावला होता, बायकांची थट्टामस्करी पकडायला. त्याचा आवाज माझ्या कमरेच्या रेकॉर्डरमध्ये भरत होता, तो चालूच होता. विसरले, असं म्हणून मी सुटू शकले असते. हेडफोन गळ्यात होता आणि त्यातून बारीक आवाज येत होता. मला माहीत होतं.

स्टुडिओत बसून ते ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. आई म्हणत होती, "माज्या हातानं तुजं वाईट व्हणार आसंल तर देवानं माजे हातच मोडावेत. पर मी न्हाई लावायची तर कुनी लावायची गं?" वर पंख्याची घरघर होती. ती मी मेहनतीनं काढून टाकली. मुलगीही काहीतरी बोलत होती, पण हुंदक्यांत शब्द नीट फुटत नव्हते, म्हणून तिचा आवाज कापला. आईची ती दोन वाक्यं उचलून मी पाठवणीच्या चित्रावर बसवली. नवरी गाडीत बसते, आई पदर तोंडाला लावून उभी आहे आणि वर हा आवाज. चार मिनिटांची हायलाइट. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही, हे अजूनही खरं आहे आणि त्याचीच लाज वाटते.

चाचांनी ते दोनदा पाहिलं. चष्मा पुसत म्हणाले, "बाईला इचारलंस ना?"

"विचारलं," मी म्हणाले.

दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या मोबाईलवर ती हायलाइट फिरली. रडवलंस गं, असे निरोप आले. माझ्या नवऱ्यानंही गुपचूप पाहिली आणि त्या दिवशी ताट स्वतः उचललं. मी हवेत होते. नवरीच्या आईचा मात्र काहीच निरोप नव्हता. तो का नाही, हे मी स्वतःला विचारलं नाही.

महिन्याभरानं मांजरसुंब्याजवळ जावयाची मोटारसायकल घसरली. पाय दोन ठिकाणी मोडला. माणूस वाचला, पण मुलीच्या सासूला निमित्त सापडलं. पांढऱ्या कपाळाच्या हातची हळद लागली, म्हणून पोरावर आलं. कुणी सांगितलं हळद लावली म्हणून? कुणी कशाला सांगायला हवं, आईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं मोबाईलात होतं. पंख्याची घरघरसुद्धा नव्हती त्यात. आईला त्या घराची पायरी बंद झाली आणि मुलीचा फोन काढून घेतला.

हे कळलं तेव्हा मी चाचांपुढे सगळं कबूल केलं. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. "मीबी कावून दुसऱ्यांदा इचारलं न्हाई," एवढंच म्हणाले आणि शटर अर्धं ओढून बसून राहिले.

मग एका बाजाराच्या दिवशी नवरीची आई स्टुडिओत आली. म्हटलं, आता शिव्या देईल, देऊ दे. ती स्टुलावर बसली, पिशवीतून ओल्या भुईमुगाच्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "त्या दिशी लेक काय काय बोलली व्हती बग. तुज्या पिक्चरमदी निस्ती मीच बोलते. माजा आवाज मला काय करायचा? तिचा दे. लई दिस झाले, तिचा आवाज न्हाई आयकला."

तो आवाज नव्हता. पुढच्या लग्नासाठी रेकॉर्डरचं कार्ड मी पुसून टाकलं होतं, कम्प्युटरवरचंही जागा होत नाही म्हणून काढलं होतं. हेडफोन लावून ते शब्द ऐकणारी मी एकटीच, आणि मला त्यातला एकही आठवत नाही. अस्पष्ट होते म्हणून मी ते मन लावून ऐकलेच नव्हते.

हे तिथंच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "शोधते ताई. असेल कुठंतरी." शेंगाही मी ठेवून घेतल्या.

त्यानंतर ती दोन बाजार येऊन गेली. एकदा मी कम्प्युटर बिघडलाय म्हणाले, एकदा चावी चाचांकडे आहे म्हणाले. परवा ती पुन्हा आली. उन्हातून चालत आलेली, पदरानं मान पुसत दारातच उभी राहिली. माझ्या चेहऱ्याकडे बघूनच तिला उत्तर कळलं असावं.

"तुला लई तरास देऊ लागले मी, बाई," ती म्हणाली.

"नाही हो ताई," मी म्हणाले, "त्यात कसला त्रास."