एका चुलीवरचे दोन दुखणे

त्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात आमी चौघं होतो: मी, मायी लहान जाऊ, आमचा बुढा म्हणजे माया नवरा, अन् डॉक्टरीनबाई.

त्याच्या पहिले मले संडासातून रक्त पडे. आमच्या आसेगावात जो भेटे तो म्हणे, मूळव्याध हाये. कापूस वेचता वेचता तुरीच्या आड पळा लागे. साल गेलं तसंच. मंग खालून दुर्बिणीची नळी टाकून पाह्यलं, तं मोठ्या आतडीले जखमा. गोळ्यानं उतार पडला.

तेवढ्यात जावेचं सुरू झालं. उजव्या अंगाले खाली पोट दुखे, हागवण लागे. अशी वाळली का बांगड्या कोपरापर्यंत चढत. लोकं म्हणत, बेंबी सरकली. ती म्हणे, "जाऊबाई, आपली चूल एक, तवा एक. तुमचंच दुखणं मले लागलं. तुमची नळी झाली ना, मंग मायी कायले? तुमच्याच गोळ्या द्या."

बुढ्यालेबी पटलं. "एका बोअरचं पाणी पिता, बिमारी वेगळी काहून असीन?"

मी तिले माया सोबतीच्या नावानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरीनबाईनं जावेचं आयकलं अन् हसली. "आजी, एका ताटात जेवून हा आजार लागत नाही. आणि दोघींचा एकच आहे, हे न पाहता कसं सांगू?"

जाऊ दाराकडं पाहून राह्यली. मी म्हटलं, "बाळंतपणात लाजली नाही, आता कोणाले लाजतं वं?" बुढा आपणच बाहीर गेला. मंग ती गेली आत.

नळी झाली, पोटाचा स्कॅन झाला, बारीक तुकडा तपासाले धाडला, तवा कुठं पक्कं झालं का दोघींचे दुखणे वेगळे. मायं कसं, भिंतीले खालून ओल चढते तसं. संडासाच्या जागेपासून वर सलग, फक्त मोठ्या आतडीत, अन् वरचाच पोपडा. तिचं म्हणजे उंदरानं गोधडी कुरतडल्यावानी. इथं कुरतडलं, मधात चांगलं, पुढं परत कुरतडलं, अन् पार अस्तरापर्यंत. लहान आतडीच्या शेवटाले जास्त. हे तोंडापासून खालपर्यंत कुठंबी होते म्हणे. तिची आतडी आखडत चालली होती. मायी गोळी खात बसली असती तं आतडी बंद पडली असती. दवाई वेगळी देली.

आता बांगड्या मनगटावर थांबते. भाकर एकाच तव्यावर, गोळ्याच्या डब्या दोन. बुढा अजूनबी विचारते, "लाल झाकण कोणाचं?"

वाचणाऱ्याले एवढंच मागतो, बाप्पा: रक्त पडत असीन, नाहीतं पोट लय दिवस ठिकाणावर नसीन, तं सोताचं पोट दाखवा. दुसऱ्याच्या डबीतली गोळी खाऊ नका.