वरच्या काकूंचा कडू चहा

चहा माझ्या घरी काय कमी होता? आलं, गवती चहा, सायीचं दूध, सगळं होतं. तरी माझी चौदा वर्षांची लेक दर शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे जायची आणि बिनदुधाचा, बिनसाखरेचा कडू चहा पिऊन दोन तासांनी परत यायची. "काय केलंत गं?" विचारलं की उत्तर ठरलेलं. "नथिंग मम्मा. टी."

तिच्याशी मी जन्मापासून मराठीच बोलत आले. उत्तर इंग्रजीतून यायचं. इथे आखातात, बुसैतीनमधल्या आमच्या इमारतीत सगळ्याच मुलांचं तसं होतं, पण मी पडले पुण्याची. ती मराठीत काही बोलली की मी जागच्या जागी दुरुस्त करायचे, तांदळातला खडा काढावा तसं. हळूहळू तिचं माझ्याशी मराठी बोलणंच थांबलं.

काकू चिपळूणच्या. दवाखान्यात रिसेप्शनवर बसायच्या आणि दिवसभर इंग्रजी, हिंदी, अरबी सगळं रेटायच्या. तिथल्या एक चिनी डॉक्टरीणबाई सुट्टीवर गावी गेल्या की त्यांच्यासाठी हा चहा आणायच्या. गाव डोंगरातलं आणि झाडं डॉक्टरीणबाईंच्या मामाची, पण मामाच्या पणजोबांनीही लावलेली नव्हेत इतकी जुनी. त्यांची पानं उन्हात वाळवून, वाफवून, थालीपिठाएवढ्या चकतीत दाबलेली असायची. एवढी माहिती मी काकूंकडूनच काढली होती, जिन्यात गाठून. लेकीने चकार शब्द सांगितला नव्हता.

एका शुक्रवारी मला राहवेना. काकूंचा डबा परत करायचं निमित्त काढलं आणि वर गेले. दार उघडंच होतं. चपला काढता काढता आतून लेकीचा आवाज आला आणि मी तिथेच थबकले. ती मराठीत बोलत होती.

"काकू, आधी कडू येतो. मग ते जातं. मग... पुण्याला मावशीने मला आवळा दिलेला ना, मी रडलेली. मग तिने पाणी दिला, आणि पाणी गोड झालं. तसं. इथे, घशात."

आवळ्याची ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरची, माझ्या पोटच्या पोरीची गोष्ट, आणि ती ऐकायचा मान चिपळूणच्या काकूंना! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यातही तिच्या चुका मी टिपल्याच.

"या वहिनी, बसा," काकू म्हणाल्या. "पण आमच्याकडे एक नियम हाय हां. सगळ्यांत लहान असेल त्याने आधी बोलायचं. त्याचं होईस्तोवर मोठ्यांनी गप. मोठं माणूस आधी बोललं की मग सगळ्यांना तीच चव लागते."

त्यांनी झाकणाच्या वाटीतल्या पानांवर उकळतं पाणी ओतलं, जरा थांबून चिमुकल्या कपांत गाळलं. रंग फिका पिवळा, वास ओल्या गवताचा. मी घोट घेतला आणि जीभ आखडली. शब्द माझ्या ओठांवर आला.

लेक मात्र अजून शोधत होती. "हे आता... काकू, जीभ... जीभ अशी..." तिने मूठ आवळून दाखवली. काकू नुसत्या ऐकत होत्या. त्यांना घाई नव्हती. त्यांचा तो शांत चेहरा मला बघवेना. माझी मुलगी माझ्याच भाषेत एवढी धडपडत होती, आणि ते सगळं दुसऱ्याच बाईसाठी.

"तुरट," मी म्हटलं. "तुरट म्हणतात त्याला. आणि जीभ 'अशी' काय? आखडते म्हण."

लेकीने कप खाली ठेवला. "येस. दॅट," म्हणाली.

काकू मला काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्यांनी पुन्हा पाणी ओतलं आणि पहिला कप लेकीपुढे सरकवला. "बोल गो बाय."

तिने घोट घेतला आणि आधी माझ्याकडे पाहिलं. मी ओठ घट्ट मिटून बसले होते. काकूंसारखा चेहरा करायचाही प्रयत्न केला, इतकी लाज सोडली होती मी.

"इट्स नाइस," ती म्हणाली. पुढच्या दोन्ही कपांनाही तेवढंच. शेवटी काकूंनीच वाटी आवरली. "खलास. आज एवढंच."

जिना उतरताना लेक माझ्या दोन पायऱ्या पुढे होती. आमच्या दारापाशी ती थांबली, वळली आणि अगदी हळू, मला लागू नये अशा बेताने म्हणाली, "मम्मा, पुढच्या शुक्रवारी तू येऊ नकोस."

कित्येक महिन्यांनी ती माझ्याशी मराठीत एक सबंध वाक्य बोलली होती. दुरुस्त करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.