काटा आतच राहिला

मंडळी, आज सायकल पंक्चर झाली. पंक्चरवाल्या चाचांनी ट्यूब जोडली, मग टायरच्या आतून सावकाश बोट फिरवलं आणि बाभळीचा काटा काढला. म्हणाले, "ह्यो आत ऱ्हायला तर परत पंक्चर की."

मला शहात्तर साल आठवलं. कुंभारीहून निरोप आला होता, आजीचं काही खरं नाही. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, सायकलचं पंक्चर मीच काढलं. घाईत टायरमधून बोट फिरवायचं राहिलं.

अर्ध्या वाटेत हवा गेली. अण्णा सायकल ढकलत पोहोचले, तोवर आजी गेली होती.

परतल्यावर एवढंच म्हणाले, "काटा बगितला न्हाईस व्हय रं?"

नंतर हवा भरायला सांगायचे, तेलपाणी करायला सांगायचे. पंक्चर मात्र मला पुन्हा कधी काढू दिलं नाही.

तुमच्या घरी कुणी असं न रागावता तुमच्याकडून एखादं काम काढून घेतलंय का?