चेसिसवरचा हिरवा टिळा

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. त्यात जुन्या सरकारी पिकअपची भर मी माझ्यातर्फे घालतो. मी एकदा शोधलं होतं, आणि सापडलंही. न सापडतं तर माझं आयुष्य जरा सरळ गेलं असतं.

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते, ते दिवस. तेलुगू मुलूख इकडे आंध्रात, मराठी मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे. आमच्या खात्यात माणसं वाटली जात होती, कपाटं वाटली जात होती, पिण्याच्या पाण्याचे रांजणसुद्धा मोजून लिहिले होते. मी खात्याच्या मोटार वर्कशॉपात सामानाचा कारकून. माझा थोरला भाऊ महसुलात होता. त्याने औरंगाबाद मागून घेतलं, आणि मला न विचारता माझ्याही नावाचा अर्ज लिहून ठेवला. माझं डोकं फिरलं. "मी काय वळकटी आहे, कुणीही बांधावी आणि न्यावी?" म्हटलं, आणि त्याच्यादेखत अर्ज फाडला. आई भावाबरोबर गेली. जाताना तिने लोणच्याची बरणी आणि चूल तेवढी मागे ठेवली.

मग नारायणगुड्याच्या त्या खोलीत मी एकटा. एकटा जीव सदाशिव, असं चारचौघांत ऐटीत म्हणायचो. साफ खोटं. जेवायला बसलं की घास तोंडात फिरायचा, आणि रविवार कधी सरेल असं व्हायचं. माघार घेऊन भावाला पत्र लिहावं, तर तेवढा शहाणपणा अंगात नव्हता.

मला त्या दिवसांत माणूस म्हणून एकच होता. वर्कशॉपातल्या अमेरिकन पिकअपचा ड्रायव्हर. साठीकडे झुकलेला, बायको वारलेली. सगळे त्याला चाचा म्हणायचे. मराठवाड्यात उमेदीची वर्षं गाडी हाकल्याने त्याला मराठी पुरती समजे, पण बोलायचा आपलं दखनीच. रोज दुपारी डबा उघडून तो अर्धी खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा माझ्याकडे सरकवायचा. मी नको म्हटलं की म्हणायचा, "नक्को बोलनेवाला पेट से नहीं बोलता, बाबू." मी खायचो. दिवसभरात माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोलणारं ते एकच तोंड होतं.

चाचाची एकुलती मुलगी औरंगाबादला दिलेली. तिला मुलगा झाला होता आणि त्याचं तोंड याने अजून पाहिलं नव्हतं. नातवासाठी पत्थरगट्टीच्या बाजारातून त्याने मखमलीची, जरीकाठाची एवढीशी टोपी घेऊन ठेवली होती. ती कागदात गुंडाळून गाडीच्या खणातच असायची. दिवसातून एकदा तरी काढून तो ती मुठीवर चढवून बघायचा.

गाड्यांच्या वाटणीचा हुकूम आला. गाडी मुळात ज्या भागासाठी आली तिकडे जाणार, आणि ड्रायव्हर गाडीबरोबर. चाचा खूश झाला. पिकअप औरंगाबादची निघाली की तोही निघाला. पण गाडी मुळात कुठली, हे सांगणार कोण? ती आमच्याकडे इतकी वर्षं होती, की तिचं इंजिन एकदा, पाठीमागच्या फळ्या दोनदा आणि रंग किती वेळा बदलला याला गणती नव्हती. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर असते ती कारखान्याच्या नंबराची पट्टीही कधीच गळून पडलेली. साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "चेसिस ज्याची, गाडी त्याची. चेसिसचा पत्ता लागला नाही, तर जास्त सामान ज्या भागाचं, त्याची. तपासून लिहून आणा."

आमच्या वर्कशॉपाची एक रीत होती. एका गाडीचा भाग काढून दुसरीला बसवायचा झाला, की जुना हेडमिस्त्री त्यावर रंगाचा टिळा लावायचा. हैदराबादचा तांबडा, औरंगाबादचा हिरवा, गुलबर्ग्याचा पिवळा. गाडी पहिल्यांदा आमच्या फाटकातून आत आली की ती ज्या भागाची, त्या रंगाचा चेसिसवर एक टिळा. नारळ फोडायचा, टिळा लावायचा, मगच पान्याला हात. टिळ्यांचा अर्थ कुठे लिहिलेला नव्हता. मिस्त्री वारला, आणि रंग ओळखणारा कारकुनांत मी एकटाच उरलो.

तपासणी मी नीट केली, ते सांगायला पाहिजे. कारखान्यात ठोकलेला रिवेट गोल डोक्याचा आणि एकसारखा असतो. आमच्या लोकांनी तो छाटून बोल्ट घातला, की तो भाग मूळचा नव्हे. दारं मूळची. रंग खरवडला तर खाली करडा, त्याखाली कारखान्याचा निळा लागला. बॉनेट दुसऱ्या गाडीचं, त्याखाली निळा नव्हताच. इंजिनावर तांबडा टिळा, गिअरपेटीवर तांबडा, मागच्या हौद्यावर तांबडा, रेडिएटरवर पिवळा. मी बोलत होतो आणि चाचा हातात बॅटरीची बत्ती धरून उभा होता. प्रत्येक तांबड्याला तो नुसतं "हौ" म्हणायचा. आवाज हल्लू हल्लू बारीक होत चालला होता.

शेवटी चेसिस. मी गोणपाट टाकून गाडीखाली शिरलो. चाचा चाकाशी उकिडवा बसून आत उजेड पाडत होता. चेसिसच्या डाव्या पट्टीच्या आतल्या अंगाला बोटभर ग्रीस साचलेलं. घासलेटाच्या चिंधीने पुसलं, आणि खालून हिरवा टिळा वर आला. सुपारीएवढा, स्वच्छ हिरवा. औरंगाबादचा.

उद्यापासून ती दुपार नाही, तो डबा नाही, "बाबू" म्हणणारं कोणी नाही, एवढंच मनात आलं. टोपी, नातू, मुलगी यांतलं काही आलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण आलं होतं. सगळं आलं होतं. तरी मी शेजारचं ग्रीस अंगठ्यावर घेतलं आणि टिळ्यावरून फिरवलं.

"क्या निकला, बाबू?" चाचाने बाहेरून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "खूण गेली दिसते."

त्याने बत्ती विझवली. मग म्हणाला, "अच्छा. निकलो बाहर, कपडे खराब होते."

मी लिहून दिलं, चेसिसवर खूण आढळली नाही, बहुतेक भाग हैदराबादचे. साहेबांना वर तोंड करून सांगितलंही, की दत्तक गेलेल्या मुलाचं गोत्र बदलतं, तसंच हे. साहेब हसले आणि त्यांनी सही केली. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

गाडी राहिली, चाचा राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने डबा उघडला आणि अर्धी खिचडी माझ्याकडे सरकवली, रोजच्यासारखी. टोपी मात्र पुन्हा खणातून निघाली नाही. एकदोनदा मी म्हटलं, "चाचा, आठ दिवसांची रजा घ्या, नातवाला बघून या." एकदा तो गेलाही. परत आल्यावर म्हणाला, पोरगा डरता मेरेकू देखके. त्यानंतर मीही तो विषय काढायचं सोडलं. त्याच्याशी पूर्वीसारखं बोलवेनाच मला. समोर बसून जेवायचो आणि लोणच्याच्या फोडीकडे बघत राहायचो. ज्याच्यासाठी केलं, ते केल्यामुळेच गेलं. खोलीत एकटा होतो, आता डब्यासमोरही एकटा झालो.

तीन वर्षांनी त्याची नोकरी संपली. मुलीकडे राहायला निघाला. काचीगुड्याला मनमाडच्या गाडीत बसवायला मी गेलो. ट्रंक फळीखाली सरकवताना तिचं झाकण उघडलं, आणि वरच कागदात ती टोपी दिसली. आता ती पोराच्या डोक्याला बसायची नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. चाचाने झाकण लावलं.

मी खाली फलाटावर उभा राहिलो. शिट्टी झाल्यावर तो खिडकीतून वाकला.

"बाबू, उस दिन बत्ती मैंच पकडा था."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी खिडकीजवळ सरकलो. "मग बोलला का नाहीत, चाचा?" कसंबसं विचारलं.

"बेटी के आजूबाजू सब थे," तो म्हणाला. "तुमारा कौन था?"

गाडी हलली. तो हात हलवत होता, रागाची एक रेषही चेहऱ्यावर नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं.

स्टेशनबाहेर रिक्षावाले हाका मारत होते, पण मी चालतच नारायणगुड्याला निघालो. खोलीच्या दाराशी आल्यावर ध्यानात आलं, सबंध वाटभर मी उजव्या हाताचा अंगठा पँटला पुसत आलो होतो.