श्रीरंगरावांचं चर्च

श्रीरंगराव पाध्ये कुणाकडे चहाला गेले की बसायच्या आधी भिंतीवर बोटांनी टकटक करत. मग चेहरा पाडून म्हणत, "सिमेंट. गुदमरलीय बिचारी." जर्मनीतल्या येना शहराच्या मराठी मंडळात म्हणूनच त्यांच्यासाठी खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवायची पद्धत पडली होती.

माणूस वाईट नव्हता. गुहागरकडच्या खेड्यातून शिकून वर आलेला, भिंगांच्या कंपनीत उभी हयात घालवलेला सरळमार्गी इंजिनियर. शहरातली भाडी झेपेनात म्हणून त्यांनी बसने अर्ध्या तासावरच्या गावात घर घेतलं आणि दारासमोर निघालं एक चर्च. मध्ययुगातलं, बंद पडलेलं. आत शेवटची प्रार्थना कधी झाली, हे गावातल्या म्हाताऱ्यांनाही धड आठवत नव्हतं. बाकांवर कबुतरं बसत आणि छपरातून पाऊस येई. ते वाचवायला गावात एक फेराइन, म्हणजे आपल्या मंडळासारखं मंडळ, स्थापन झालं होतं. कॉफी पिता पिता छपराची काळजी करणं हे त्याचं मुख्य काम. श्रीरंगराव त्याचे सभासद झाले आणि त्यांच्या बायकोचा, सुमेधाबाईंचा, संसार बाराव्या शतकात गेला.

जेवताना आमटीच्या वाटीशेजारी चर्चचा नकाशा असे. "हे बघ, या खिडकीची कमान गोल आहे, म्हणजे ही भिंत आधीची. त्या खिडकीची टोकदार, म्हणजे ती दोनशे वर्षांनंतरची. उत्तरेला दार होतं, ते बुजवलंय. चुन्याखाली चित्र आहे. फक्त एक पाऊल दिसतं, पण पाऊल कसलं सुंदर!"

"आमटी गार होतेय, अहो."

एकदा शेजारच्या शेतकऱ्याने भिंतीची भेग भरायला चांगल्या मनाने सिमेंट कालवलं. श्रीरंगराव घरच्या चपलांनीच धावत गेले. "चुना! फक्त चुना! दगडाला श्वास घ्यावा लागतो!" तो बिचारा घमेलं उचलून निघून गेला, आणि भेग तशीच राहिली. फेराइनने मात्र त्या दिवसापासून श्रीरंगरावांना जाणकार मानलं.

आता हेच श्रीरंगराव रविवारी कोकणातल्या गावी, धाकट्या भावाला फोन लावत, तेव्हा सुमेधाबाई भाजी चिरता चिरता ऐकत.

"उल्हास, गाभाऱ्याला पांढऱ्या लाद्या लाव. पुसायला सोप्या. खाली ग्रॅनाइट. मंडप पाडून स्लॅब टाक. कळसाला सोनेरी रंग. आणि पाटी संगमरवरी, आपल्या अप्पांचं नाव वर, माझं खाली. नावापुढे 'जर्मनी' घालायला विसरू नकोस."

हे गावच्या सोमेश्वराबद्दल चाललेलं असे. जांभ्या दगडाचं ठेंगणं देऊळ, कौलारू मंडप, मंडपाला लाकडी खांब. सुमेधाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्या मोठ्या घरात रडायला जागा नव्हती. दुपारी सगळे झोपले की त्या देवळात जात. उंबरा इतका झिजलेला की त्यात बसलं की मांडीवर घेतल्यासारखं वाटे. तिथे बसून त्या सोमेश्वराशी बोलल्या होत्या. उत्तर मिळालं नव्हतं, पण कुणी मध्ये बोललंही नव्हतं. सासरी तेवढंही पुष्कळ होतं. आज जर्मनीतल्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापुढे हात जोडले की डोळ्यांपुढे तोच उंबरा येई. आणि आता तो जाणार होता.

"आपलं देऊळ आहे तसंच दुरुस्त केलं तर?" त्यांनी एकदा विचारून पाहिलं.

"ते गळतं गं."

"हे समोरचंही गळतं."

"हे आठशे वर्षांपूर्वीचं आहे!"

"आणि ते?"

परक्यांच्या एकेका दगडाची जन्मपत्रिका ज्यांना पाठ होती, त्या श्रीरंगरावांना घरच्या देवळाचं वय माहीत नव्हतं. "असेल काहीतरी," ते म्हणाले. "त्यात काही ऐतिहासिक नाही."

पक्षपंधरवडा लागला होता. नवं काम घटस्थापनेला सुरू करायचं ठरलं होतं. पाडायला मुहूर्त लागत नाही, असं उल्हासभावोजींचं मत होतं.

त्याच पंधरवड्यातल्या रविवारी जर्मनीभर जुन्या वास्तू लोकांना उघडून दाखवतात. श्रीरंगराव जाकीट घालून चर्चच्या दारात उभे राहिले. फेराइनच्या अध्यक्ष, निवृत्त शिक्षिका फ्राऊ, म्हणजे श्रीमती, लीबेट्राऊ, प्लमचा केक कापत होत्या. स्थानिक पेपरचा वार्ताहरही आला होता. श्रीरंगरावांनी खिडक्या दाखवल्या, बुजवलेलं दार दाखवलं, ते पाऊल दाखवताना तर आवाज कापरा झाला. "ज्याने हे रंगवलं त्याने आपलं नाव कुठेही लिहिलं नाही. हाच त्याचा मोठेपणा!"

सुमेधाबाईंच्या हातातली कॉफीची किटली जागीच थांबली. नवऱ्याच्या नावाची संगमरवरी पाटी तिकडे गावी कोरून तयार होती.

"तुमच्याकडेही अशी जुनी मंदिरं असतील ना?" फ्राऊ लीबेट्राऊंनी त्यांना सहज विचारलं.

सुमेधाबाईंनी किटली ठेवली, हात पुसले आणि मोबाइलमधला सोमेश्वराचा फोटो दाखवला.

"किती देखणं! आणि याची काळजी कोण घेतं?"

सुमेधाबाईंचं जर्मन जेमतेम बाजारहाटापुरतं. पण हे वाक्य त्यांनी स्वच्छ उच्चारलं. "माझा नवरा. सगळं तोच ठरवतो."

यात खोटं काहीच नव्हतं.

फ्राऊ लीबेट्राऊंनी टाळ्या वाजवल्या. "ऐका सगळे! आमचे श्रीयुत पाध्ये भारतातलं मंदिरही वाचवताहेत!" वार्ताहर वही सरसावून पुढे आला. तिथेही मूळ दगड तसाच ठेवणार का? तिथेही चुनाच?

श्रीरंगरावांनी बायकोकडे पाहिलं. ती केकवरची माशी वारत होती.

"या, गेनाऊ," ते म्हणाले, म्हणजे हो, अगदी तसंच. "फक्त चुना."

घरी येऊन जाकीटही न काढता त्यांनी फोन लावला. "उल्हास, काम थांबव."

"दादा, मंडप काल पाडला."

"काल?"

"तूच म्हणालास ना, लवकर उरक. खांब रिसॉर्टवाल्याने नेले, अँटिक म्हणून. खूश होता. गाभारा उद्या घेतोय."

"हात लावायचा नाही गाभाऱ्याला! उंबऱ्यालासुद्धा नाही. दगडाला श्वास..."

"अरे पण लाद्यांची गाडी दारात उभी आहे!"

"तुझ्या न्हाणीघराला लाव."

"आणि पाटी? ती तर कोरून झाली."

श्रीरंगरावांनी आता कुठे जाकीट काढलं. गाभाऱ्यापेक्षा इथेच त्यांचा जीव जास्त अडकला होता. शेवटी म्हणाले, "पाटी ठेव. बाहेर, कुंपणाच्या गडग्याला लाव."

सुमेधाबाई उठल्या आणि देवापुढे निरांजन लावलं. गाभारा राहिला, उंबरा राहिला. मंडप गेला, तो काही परत येणार नव्हता.

पेपरमध्ये फोटो छापून आला. 'दोन खंडांतल्या वारशाचा रक्षक.' ते कात्रण फ्रेम होऊन हॉलमध्ये लागलं. दिवाळीला मंडळाची माणसं आली तेव्हा श्रीरंगराव त्याखाली उभे राहून सोमेश्वराबद्दल तासभर बोलले. जांभ्याचा पोत, गाभाऱ्यातला गारवा, झिजलेला उंबरा, सगळं आलं. जणू लहानपणापासून त्यासाठीच झटत होते.

"मंडपाचे लाकडी खांब तर काय सांगू!" ते रंगात येऊन म्हणाले. "कसे होते गं, सुमेधा?"

सुमेधाबाईंनी चिवड्याची बशी पाहुण्यांपुढे केली. "रिसॉर्टवाल्याला विचारा," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे अजून श्वास घेताहेत."