खळीचा वास

"हिच्या परकराला आज परत खळीचा वास येतोय की गं! घरात माग आहे का काय?" मागच्या बाकावरची मुलगी शेजारणीला म्हणाली आणि मी ऐकलंच नाही असं दाखवलं. सोलापूरच्या आमच्या त्या इंग्रजी शाळेत बाई रोज फळ्यावर पाच नवे शब्द लिहीत. त्या दिवशी शेवटचा शब्द होता 'शटल'. बाई मुंबईहून नुकत्याच आलेल्या. कोशात 'विणकराचे होडीसारखे साधन' असं वाचून त्यांनी फळ्यावर वल्ह्यांसकट होडीच काढली आणि सगळ्या मुली ती वहीत उतरवू लागल्या. मी पेन्सिल उचलली नाही. आमच्या घरी खरंच माग होता. शाळेला येण्याआधी मी आईबरोबर सुताला खळ लावत असे, पण वर्गात हे कुणालाही कळू दिलं नव्हतं. "तू का नाही काढलीस?" बाईंनी विचारलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. अजूनही खळीचा वास आला की आधी ते हसू आठवतं, आणि मग उभी राहून मी जे बोलले ते: "बाई, ही होडी नाही. याला धोटा म्हणतात. आमच्या घरी आहे, उद्या आणून दाखवते."